दानाकडून आधाराकडे : खानदेशातील लोकमदतीची वाटचाल

१८७२ साली पांझरा आणि गिरणा या दोन्ही नद्यांना महापूर आला. धुळे शहरातील सुमारे पाचशे घरे वाहून गेली, दीडशेहून अधिक गावांना तडाखा बसला आणि सुमारे सोळा लाख रुपयांची हानी झाली, अशी नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये आढळते. हजाराहून अधिक लोकांना काही काळ सार्वजनिक मदतीवर आणि खासगी दानधर्मावर जगवावे लागले, असेही तेथे नमूद केले आहे.

या नोंदीतील 'काही काळ' हे दोन शब्द विचार करण्याजोगे आहेत. संकटग्रस्ताच्या मदतीला धावून जाण्यात खानदेश कधी मागे राहिलेला नाही. पूर असो, दुष्काळ असो, आग असो वा घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू असो, पहिल्या काही दिवसांत भाकरी, धान्य, कपडे आणि पैसा यांची उणीव गाव सहसा पडू देत नाही. परंतु पुराचे पाणी ओसरले की मदतीचा ओघही ओसरतो. गरज मात्र तेथेच राहते. कर्ता पुरुष गेलेल्या घराची खरी परीक्षा तेराव्या दिवसानंतर सुरू होते आणि ती वर्षानुवर्षे चालते. तात्पुरत्या दानाचे रूपांतर टिकाऊ आधारात कसे करावे, हा म्हणूनच लोकमदतीपुढील खरा प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांचा वाटा मोठा आहे.

संकटांचे स्वरूप

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा आणि मधून वाहणारी तापी, अशी खानदेशची भूमी आहे. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६० मध्ये पूर्व खानदेशाला जळगाव आणि पश्चिम खानदेशाला धुळे हे नाव मिळाले. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा वेगळा झाला. आज जळगाव जिल्ह्यात पंधरा आणि धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत.

या प्रदेशात सुबत्ता आणि हलाखी शेजारीशेजारी नांदतात. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या बागा डोलतात, तर पारोळा, शिंदखेडा, साक्री या भागांतील कोरडवाहू शेतकऱ्याचे सारे वर्ष पावसाच्या चार-सहा सरींवर अवलंबून असते. कापसाला भाव मिळाला तर घर सावरते, बोंडअळी पडली किंवा वेचणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला तर कर्ज वाढते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. दिवाळीच्या सुमारास अनेक गावांतील मजूर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्राकडे रवाना होतात. गावात मागे राहतात ते वृद्ध, अपंग आणि काही घरांत शाळकरी मुले.

अशा परिस्थितीत कुटुंबाचा तोल ढळण्यास मोठे संकट यावे लागत नाही. एक अपघात, एक लांबलेले आजारपण किंवा एक नापिकी एवढेच पुरेसे असते. म्हणून केवळ महापूर-दुष्काळासारख्या सामुदायिक आपत्तीत नव्हे, तर एकेका घरावर शांतपणे कोसळणाऱ्या आपत्तीतही समाजाने काय करावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

परंपरेने दिलेला आधार

आपल्या ग्रामजीवनात परस्पर साहाय्याच्या अनेक रीती रुजलेल्या आहेत. शेतीच्या कामात एकमेकांना मनुष्यबळ व बैल देण्याची 'सावड' सर्वपरिचित आहे. अडलेल्या शेतकऱ्याचे शेत साऱ्यांनी मिळून एका दिवसात नांगरून किंवा पेरून द्यावे आणि त्याने सर्वांना जेवू घालावे, ही 'इर्जिक'ही महाराष्ट्राच्या अनेक भागांत होती. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंद आणि शेजारी जेवण पोहोचवितात. लग्नाच्या आहेरामागेही मूळ हेतू खर्चाचा भार वाटून घेण्याचाच होता. कोणी किती आहेर केला याची वही घरोघर जपली जात असे आणि वेळ येताच तो परत केला जात असे.

शिक्षणाच्या क्षेत्रात 'वार लावून जेवणे' ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत रूढ होती. गरीब विद्यार्थ्याने आठवड्यातील प्रत्येक वारी एकेका घरी जेवावे आणि शाळा शिकावी, अशी ती व्यवस्था. सात घरांनी वाटून घेतल्यामुळे कोणा एकावर भार पडत नसे. अनेक नामवंत माणसे या आधारावर शिकली. अर्थात रोज परक्या दारी पान वाढण्याची वाट पाहत बसावे लागणाऱ्या मुलाच्या मनाला काय यातना होत असत, हेही विसरून चालणार नाही.

धर्मसंस्थांनीही आपापला वाटा उचलला आहे. मंदिरे, संस्थाने आणि मठ यांच्यातील अन्नदान, मुस्लिम समाजातील जकात व सदका, जैन समाजातील जीवदया व औषधदान, गुरुद्वारांतील लंगर, बौद्ध समाजातील दानपारमितेची शिकवण या सर्वांचा गाभा एकच आहे. आपल्या मिळकतीतील काही भाग आपला नसून गरजवंताचा आहे, ही ती भावना होय.

परंपरेच्या मर्यादा

या परंपरांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादाही स्पष्टपणे समजून घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा परतफेडीची. सावड, आहेर, भिशी या सर्व व्यवस्था देवाणघेवाणीवर उभ्या आहेत. ज्याच्याकडे बैल आहे त्याच्याशीच सावड होते. ज्याच्या घरी पुढे लग्न व्हायचे आहे त्यालाच आहेर परत मिळतो. एकटी विधवा, निपुत्रिक वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस काहीच परत करू शकत नाही. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज तोच या व्यवस्थेतून सर्वांत आधी बाहेर पडतो.

दुसरी मर्यादा आप्तपणाची. मदत भाऊबंदकीच्या, जातीच्या आणि गल्लीच्या वाटेने चालते. बाहेरून आलेला मजूर, शेतावरील झोपडीत राहणारा रखवालदार किंवा गावकुसाबाहेरचे कुटुंब या वाटेवर येत नाही. तिसरी मर्यादा काळाची. तेराव्याला पंगत उठते आणि मदतही उठते. चौथी मर्यादा अशी की, दात्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या मदतीत घेणाऱ्याची मान खाली जाते. दाता बोलून दाखवीत नसला तरी गाव बोलते.

मोठ्या दुष्काळांत ही व्यवस्था कोलमडून पडे, याचे कारणही येथेच आहे. ज्या वर्षी सर्वांचीच कणगी रिकामी असते, त्या वर्षी कोणी कोणाला सावरावे? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो हातांना काम मिळाले, सुकडीचे वाटप झाले आणि राज्य तरले. ते केवळ दानधर्माने साधले नसते. या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणाऱ्याला काम देणे हे उपकार नसून शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने देशापुढे ठेवले.

संस्थांचा काळ

विसाव्या शतकात दानाला संस्थेचे रूप येऊ लागले. अमळनेर हे त्याचे ठळक उदाहरण होय. गिरणी उभारणाऱ्या श्रीमंत प्रताप शेठ यांनी आपल्या धनाचा ओघ शिक्षणाकडे आणि ज्ञानाकडे वळविला. १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आणि पुढे त्यांच्या नावाने उभे राहिलेले महाविद्यालय ही त्याची साक्ष आहे. एका व्यक्तीचे दान एका पिढीपुरते असते, परंतु संस्थेला दिलेले दान अनेक पिढ्यांना पुरते, हा धडा अमळनेरने दिला.

याच अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात पांडुरंग सदाशिव साने हे शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, पसरलेल्या वस्तू आवरणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे ही कामे ते गाजावाजा न करता करीत असत. ज्यांना महाराष्ट्र साने गुरुजी म्हणून ओळखतो, त्यांच्या सेवेचे मर्म या अबोलपणात होते. मदत करणाऱ्याने आपले नाव पुढे करू नये, हे त्यांनी उपदेशातून नव्हे तर आचरणातून शिकविले. १९३८ मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली, तेव्हा शेतसाऱ्याच्या माफीसाठी त्यांनी शेतकऱ्यांची बाजू जोरकसपणे मांडली. दुःखिताचे अश्रू पुसणे आणि त्याच्या हक्कासाठी झटणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आजही खानदेशात या वाटेवर चालणाऱ्या संस्था आहेत. जळगाव येथील दीपस्तंभ संस्थेच्या 'मनोबल' प्रकल्पात अपंग, अनाथ आणि वंचित घटकांतील युवकांना निवास व उच्च शिक्षणाची, स्पर्धा परीक्षांची तयारी यांची सोय केली जाते. २०२० च्या टाळेबंदीत हातावर पोट असणाऱ्यांचे हाल झाले, तेव्हा जळगाव शहरात 'स्नेहाची शिदोरी' या उपक्रमातून तयार अन्न पोहोचविले गेले. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने तर वेगळीच दिशा दाखविली. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी भोवतालचे उजाड वन एकजुटीने राखले. पाणी टिकले, शेती सुधारली आणि पोटासाठी गाव सोडण्याची वेळ कमी झाली. या कार्यासाठी श्री. पवार यांना २०२५ मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली. गरजवंताला देणे हे चांगलेच, परंतु गरज निर्माण होऊ न देणे हे त्याहून श्रेष्ठ, हे बारीपाड्याने सिद्ध केले आहे.

दान आणि हक्क यांची सांगड

निराधारांसाठी शासनाच्या योजना आज अनेक आहेत. राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून सुरू आहे. निराधार विधवा, अपंग, दुर्धर आजाराने ग्रस्त व्यक्ती, परित्यक्ता अशा अनेकांचा तीत समावेश होतो. वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ मध्ये या दोन्ही योजनांचे अर्थसाहाय्य दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाच्या कमावत्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही गमावलेल्या गरजू मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना असून, अपघाती मृत्यूच्या प्रसंगी तिच्यातून २ लाख रुपये देण्याची तरतूद आहे.

असे असता गरज उरतेच का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर कागदपत्रांत आहे. शोकात बुडालेल्या, बहुधा फारसे शिक्षण न झालेल्या स्त्रीला दाखले गोळा करावे लागतात. तालुक्याला जाण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे खर्च होते. एक कागद कमी पडला की दुसरी फेरी होते, नावातील एका अक्षराच्या फरकामुळे तिसरी. तिसऱ्या फेरीनंतर अनेकजणी प्रयत्न सोडून देतात. योजना कागदावर असते, लाभार्थी गावात असतो आणि मधले अंतर मोकळे राहते. लोकमदतीने भरून काढायचे आहे ते हेच अंतर. शेजाऱ्याने दिलेले पाचशे रुपये आठवड्यात संपतात. त्याच शेजाऱ्याने एक दिवस खर्चून अर्ज पूर्ण करून दिला, तर त्या घरात दरमहा पैसे येऊ लागतात. आजच्या काळातील हेच मोठे दान होय.

एका कुटुंबाचे वर्ष

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेला आणि दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राबणारा चाळीस वर्षांचा शेतकरी विहिरीवरील मोटार सुरू करताना विजेचा धक्का बसून मृत्युमुखी पडतो. मागे पत्नी, वृद्ध आई, आठवीतील मुलगी आणि तिसरीतील मुलगा राहतात. त्याच्या घराला कोणत्या वेळी कशाची गरज लागेल?

पहिला दिवस सर्वांत महत्त्वाचा. गाव दुःखात असते आणि अंत्यविधी लवकर उरकण्याकडे कल असतो. परंतु पोलिसांना खबर न देता आणि शवविच्छेदन न करता अंत्यसंस्कार झाले, तर अपघात सिद्ध करण्याचा पुरावाच उरत नाही आणि अपघात अनुदानाचा मार्ग बंद होण्याची भीती असते. अशा वेळी पोलीस पाटील, सरपंच किंवा शिक्षक यांपैकी एकाने जरी धीराने आणि समजुतीने दोन शब्द सांगितले, तरी त्या कुटुंबाचा मोठा आधार वाचतो.

पहिले तेरा दिवस शेजारी, भाऊबंद जेवण पुरवितात. ती रीत उत्तम आहे आणि ती टिकली पाहिजे. मात्र याच काळात उत्तरकार्याच्या खर्चासाठी कुटुंब कर्ज काढीत असेल, तर त्याला आवर घालणे हीदेखील मदतच आहे. गावजेवण साधे ठेवण्याचा निर्णय गावाने मिळून घेतला, तर कोणा एका घराला कमीपणा येत नाही.

एकविसाव्या दिवसापूर्वी मृत्यूची नोंद झाली पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार २१ दिवसांच्या आत नोंद सुलभपणे होते. त्यानंतर विलंब शुल्क लागते, तीस दिवस उलटल्यावर वरिष्ठांची परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. पुढील बहुतेक अर्जांची किल्ली हा एक दाखलाच असतो.

तीन महिन्यांच्या आत वारस नोंद व्हावी. जमिनीवर हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांत त्याची खबर ग्राम महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यास द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लागले नाही, तर पीककर्ज, पीकविमा आणि नुकसानभरपाई यांपैकी काहीही तिच्या हाती सहजासहजी येत नाही. भाऊबंदकीतील जमिनीचे अनेक तंटे या एका दिरंगाईतून उद्भवतात.

जूनमध्ये शाळा उघडते. तिसरीतील मुलाची काळजी तुलनेने कमी, कारण पाठ्यपुस्तके आणि माध्यान्ह भोजन शाळेत मिळते. धोका आहे तो आठवी पूर्ण करणाऱ्या मुलीला. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचे कवच चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंत असते. नववीची शाळा दुसऱ्या गावी असते, प्रवासाचा खर्च येतो आणि आई मजुरीला गेल्यावर घर सांभाळायला कोणी नसते. मुलीची शाळा सुटते आणि थोड्याच काळात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलगी सलग चार-पाच दिवस गैरहजर राहिली, तर ती वार्ता सर्वांत आधी वर्गशिक्षकाला कळते. गरजू मुलींच्या शिक्षणासाठी दात्यांकडून नियमित छोटी रक्कम मिळवून देणारी सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना १९८० च्या दशकात शिक्षकांच्याच बळावर गावोगाव पोहोचली होती. तीच भूमिका आजही शिक्षक बजावू शकतात. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून देणे हे त्याचे पहिले पाऊल ठरेल.

पेरणीच्या वेळी त्या दोन एकरांचे काय, हा प्रश्न येतो. येथे जुन्या सावडीचा नवा उपयोग आहे. बियाणे आणि औतकाठीची सोय शेजाऱ्यांनी एका हंगामापुरती केली, तर जमीन सावकाराकडे किंवा निम्म्या वाट्याने दुसऱ्याकडे जात नाही. पुढे दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येतो आणि कुटुंबाला पहिल्यांदा स्वतःचा श्वास मिळतो. आखाजीला खानदेशात सालदारांचे नवे साल ठरते. तोवर मृत सालदाराच्या मालकाकडील हिशेब, उचल आणि येणे-देणे पंचांसमक्ष मिटलेले असावे. अन्यथा बापाची उचल फेडण्यासाठी पोराला कामावर लावण्याची पाळी येते.

या साऱ्या मदतीत पैशाची गरज थोडी आहे. गरज आहे ती योग्य वेळी योग्य माणसाने लक्ष घालण्याची.

निधी, नोंद आणि हिशेब

काही प्रसंगी रोख पैसा लागतोच. रुग्णाला रातोरात धुळ्याला किंवा नाशिकला हलवायचे असते, घर जळालेले असते, अनुदान मंजूर होईपर्यंतचे तीन-चार महिने काढायचे असतात. अनेक गावांत अशा वेळी वर्गणी गोळा होते. परंतु वर्गणी जितक्या उत्साहाने जमते तितक्या काळजीने तिचा हिशेब ठेवला जात नाही. एकदा संशय निर्माण झाला की पुढील गरजवंताला त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून लोकमदतीचा निधी उभारताना काही पथ्ये पाळणे इष्ट आहे. निधी व्यक्तीच्या नावे नसावा. बँक खाते दोघांच्या सहीने चालावे. प्रत्येक रकमेची पावती द्यावी. कायमस्वरूपी संस्था उभी करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये तिची नोंदणी करावी आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत. तात्पुरती वर्गणी गोळा करणाऱ्यांनीही धर्मादाय कार्यालयाकडे आधी विचारणा करून आवश्यक ती अनुमती घ्यावी. जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा, म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद ग्रामीण कुटुंबांना फारशी ठाऊक नसते. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी ठरविलेली सविस्तर योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. गंभीर आजारासाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या खानदेशातील रुग्णाने उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका सोबत नेली, तर वर्गणीवर येणारा भार पुष्कळ हलका होऊ शकतो.

ग्रामपंचायतीच्या हातातही साधने आहेत. स्वउत्पन्नातील पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के अपंगांसाठी खर्च करावयाचे असतात. ही रक्कम वर्षअखेरीस घाईने साहित्य खरेदी करून संपविण्याऐवजी गावातील गरजांची यादी समोर ठेवून खर्च केली, तर तिचा खरा उपयोग होईल. तशी यादी तयार करण्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. कुटुंबावर कोणते संकट आले, कोणता अर्ज कोणत्या तारखेला दिला, तो कोठे अडला, पुढची फेरी कोणी मारायची आणि मदत केव्हा थांबविता आली, एवढे पाच रकाने तिच्यात असावेत. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, बचत गटाची प्रमुख, शिक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी महिन्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसून ही वही चाळली, तर गावातील एकही निराधार घर नजरेआड राहणार नाही. गावकुसाबाहेरील वस्ती, शेतावरील झोपड्या आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी राहिलेले वृद्ध यांची नोंद या वहीत सर्वप्रथम व्हावी. कारण परंपरेच्या मदतीने त्यांनाच वगळले होते.

प्रतिष्ठा जपणे

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. मदत देण्याच्या पद्धतीवर घेणाऱ्याचा स्वाभिमान अवलंबून असतो. व्यासपीठावर बोलावून वह्या-दप्तराचे वाटप करणे, त्याची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध करणे, फलकावर लाभार्थ्यांची नावे झळकविणे यामुळे दात्याचे समाधान होत असेल. परंतु दुसऱ्या दिवशी वर्गात बसणाऱ्या मुलाला त्याची लाज वाटते. काही कुटुंबे या लाजेपोटी मदतच नाकारतात. हिशेब उघड असावा, घेणाऱ्याचे नाव मात्र झाकलेले असावे. किती रुपये कोणत्या प्रकारच्या गरजेसाठी खर्च झाले, हे ग्रामसभेला कळले पाहिजे. ते कोणाच्या घरी गेले, हे समितीपुरते राहिले तरी चालते.

विधवेला काय हवे, हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नये. दात्याला साडी द्यावीशी वाटते. तिला कदाचित शिलाईयंत्राची दुरुस्ती हवी असते किंवा मुलीसाठी बसचा पास. गरजेची भाषा गरजवंतालाच उत्तम कळते.

मदत थांबते तेव्हा त्याचे कारण काय, याची नोंद वहीच्या शेवटच्या रकान्यात होईल. निधी संपला म्हणून किंवा लोक कंटाळले म्हणून मदत थांबली असेल, तर ते गावाचे अपयश होय. निवृत्तिवेतन सुरू झाले, सातबारा नावावर झाला, मुलगी दहावी उत्तीर्ण झाली आणि आता आधाराची गरज नाही, असे त्या घरानेच कळविले म्हणून मदत थांबली असेल, तर त्या दानाचे खऱ्या अर्थाने आधारात रूपांतर झाले, असे म्हणता येईल. पुढील वर्षी गावात दुसऱ्या घरावर प्रसंग ओढवतो, तेव्हा तालुक्याच्या कार्यालयात कोणता कागद कोठे द्यायचा हे सांगायला तीच स्त्री पुढे येते. खानदेशातील प्रत्येक गावाला अशा जाणत्या स्त्रियांची फार गरज आहे.